महारोगाला खाज नसते

गुरुजी,

ज्या सकाळी तुमचा फोटो माझ्या मोबाइलवर आला, त्या सकाळी मी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलेल्या पिंडीवर पाणी घालत होतो. इथं बेल मिळत नाही. मी नुसतं पाणी घालतो आणि बेल वाहिल्यासारखा हात करतो. आप्पा, माझे वडील, बघत असते तर म्हणाले असते, देवाला फसवतोस होय रे. मोबाइल ओट्यावर होता, गावच्या ग्रुपवर काहीतरी आल्याचं वाजलं, आणि बघतो तर तुम्ही. तोच काळा कोट, तीच पांढरी टोपी, तीच वर्गात शिरण्याआधीची नजर. खाली लिहिलं होतं की शाळेच्या नव्या सभागृहाला तुमचं नाव द्यायचं ठरलं आहे, आणि तुमच्या नावाजलेल्या विद्यार्थ्यांनी दोन मिनिटांच्या आठवणी व्हिडिओ करून पाठवाव्यात. विद्यार्थ्यांच्या नावांत पहिलं नाव माझं होतं. मी तांब्या खाली ठेवला. देवासमोर उभं असताना मनात शिवी येऊ देऊ नये, असं आप्पांनी मला शिकवलं होतं. त्या दिवशी आली, आणि मी ती परत घेतली नाही.

तुम्ही जाऊन वीसेक वर्षं झाली. मी नेमका काय झालो ते तुम्हाला कधी नीट कळलं नाही. गावात मी 'जर्मनीतला डॉक्टर' आहे, एवढंच. मी हायडेलबर्गला पॅथॉलॉजिस्ट आहे. माझ्याकडे माणसं येत नाहीत, माणसांचे तुकडे येतात. नखाएवढा तुकडा मेणात बसवतात, त्याचे केसाहून पातळ काप काढतात, रंगवतात, काचेवर चिकटवतात, आणि मी मायक्रोस्कोपला डोळे लावून हे काय आहे ते सांगतो. माझ्याकडे जास्त करून लिम्फोमा येतो. अंगात पहारा देणाऱ्या पेशी असतात, त्यांचा हा कॅन्सर. लिम्फोमा म्हटलं की डॉक्टर मान चाचपतो, काख चाचपतो, जांघ चाचपतो आणि गाठ शोधतो. पण पहारेकरी अंगभर हिंडत असतात, त्यामुळे ते फितूरही कुठंही होतात. मी तो हिरडीत पाहिला आहे, जिथं दंतवैद्य दोन दात उपटून मोकळा झाला होता. पापणीत पाहिला आहे, थायरॉइडमध्ये, वृषणात, एका सायकलवाल्याच्या मांडीच्या हाडात, ज्याला सगळे स्नायू दुखावलाय म्हणून मालिश सांगत होते. जागा अनपेक्षित असली की प्रत्येक जण त्या जागेचा ओळखीचा रोग सांगतो. हिरडी म्हटलं की दात. पापणी म्हटलं की रांजणवाडी. आणि कातडीवर फिकट चट्टा, त्यात माणूस भारतातला, की महारोग.

हे शेवटचं वाक्य मी उगाच लिहिलं नाही. त्याच सकाळी, तुमचा फोटो खिशात घेऊन मी ट्रामनं कामावर पोचलो, तेव्हा टेबलावर जी पहिली काच होती तिच्याबरोबरच्या चिठ्ठीत लिहिलं होतं: रुग्ण भारतातून मुलाकडे आलेला, अंगावर फिकट चट्टे, लेप्रा? लेप्रा म्हणजे महारोगच; पुढं प्रश्नचिन्ह होतं, हे मी मान्य करतो. तुमच्या वेळी प्रश्नचिन्हही नव्हतं.

आमच्याकडे एक दोन डोक्यांचा मायक्रोस्कोप असतो. एका बाजूला मी बसतो, समोर शिकाऊ डॉक्टर, आणि दोघांना एकच काच दिसते. मला दाखवायचं असेल तिथं मी एक बाण फिरवतो. त्या सकाळी समोरची खुर्ची रिकामी होती. मी तिच्यावर तुम्हाला बसवलं. टोपी काढा गुरुजी, म्हटलं, डोळे लावायला अडचण होते. इकडं बघा. हा कातडीचा वरचा थर. इथं पहारेकऱ्यांनी एकट्यादुकट्यानं यावं, इथं त्यांची रांग लागली आहे. त्यांचं केंद्रक बघा, सुरकुतलेलं, अक्रोडाच्या गरासारखं. आता ही दुसरी काच. हिला वेगळा रंग दिलाय. महारोगाचे जंतू असते तर लाल काड्या दिसल्या असत्या. शोधा. सापडली एखादी? आणि हे मज्जातंतू. महारोग आधी मज्जातंतूला धरतो. हे कसे शाबूत आहेत बघा. बोला आता, काय निदान? पुढच्या दिवसांत बाकीचे रंग आले, तपासण्या आल्या, आणि सगळ्यांनी तेच सांगितलं: कातडीतला लिम्फोमा. पण त्या पहिल्या सकाळीच मी त्वचारोग विभागातल्या सहकारी डॉक्टरबाईंना फोन करून एक गोष्ट विचारली, जी काचेवर दिसत नाही. त्याला खाज येते का?

"हो, फार," त्या म्हणाल्या. "रक्त येईपर्यंत खाजवतो. का?"

का ते त्यांना कसं सांगणार. आप्पा दाणे काढलेल्या मक्याच्या कणसानं पाठ खाजवायचे. आई म्हणायची, सालटं निघंल, बास करा. ते देवळाच्या दगडी खांबाला पाठ घासायचे, आणि कुणी आलं की लाजून बाजूला व्हायचे, कारण महादेवाचा गुरव बैलासारखा खांबाला अंग घासतोय हे बरं दिसत नाही.

आता तो दिवस. तुम्हाला आठवत असेल की नाही कोण जाणे, ज्याचा हात विस्तवात असतो त्यालाच चटका आठवतो. शाळेचं स्नेहसंमेलन होतं, दुपारी सगळ्या गावाला जेवण. पत्रावळी गुरवानं द्यायच्या, हा रिवाज. आप्पांनी आणि आईनं पळसाची पानं आणून, वाळवून, काड्यांनी टाचून चवडीच्या चवडी रचल्या होत्या. मी त्यांच्याबरोबर डोक्यावरून वाहून आणल्या, मिरवत, कारण आज सगळी शाळा माझ्या घरच्या पानांवर जेवणार होती. ऊन होतं, म्हणून आप्पांनी ओझं उतरवून सदऱ्याची बाही वर सारली आणि दंड खाजवला. तुम्ही व्हरांड्यात उभे होता. नुकतेच तालुक्याहून आरोग्याचं शिबिर करून आला होता, आणि ऑफिसच्या भिंतीवर तिथून आणलेलं महारोगाचं चित्रांचं पत्रक तुम्ही स्वतः खिळे मारून लावलं होतं. तुम्ही आप्पांच्या दंडावरच्या फिकट चट्ट्यांकडं पाहिलं, पत्रकाकडं पाहिलं, आणि सगळ्या पोरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "त्या पत्रावळींना कुणी हात लावू नका."

आप्पांना वाटलं पानं ओली आहेत. ते म्हणाले, "वाळलेली हायेत गुरुजी, चांगली खडखडीत."

"पानांचं नाही सांगत मी. तुम्हाला महारोग झालाय. तुम्ही लांब व्हा."

"नाय हो गुरुजी. खाज येती नुसती. लई खाज येती."

"मग खाजवू नका. पसरेल."

एवढंच बोलणं झालं. मग तुम्ही आचाऱ्याला सांगून सगळ्या चवडी चुलवणात घालायला लावल्या. वाळलेलं पान कसं पेटतं तुम्हाला माहीत आहे. भाताचं पाणी त्यावर उकळलं. लोक घरोघर गेले आणि आपापली ताटं घेऊन आले. कुणी काही बोललं नाही. सरपंच बोलले नाहीत, ज्यांच्या लग्नाकार्याला आप्पांनी आयुष्यभर पानं पुरवली तेही बोलले नाहीत. मला तुम्ही पाण्याच्या टाकीपाशी उभं करून साबणानं हात धुवायला लावलेत, कोपरापर्यंत, आणि मग पंगतीत बसवलंत, स्वतःशेजारी. आप्पा फाटकापाशी उभे राहून मी जेवतो का ते बघत होते.

पत्रकावर काय लिहिलं होतं ते मला अजून पाठ आहे, कारण नंतर मी ते मधल्या सुट्टीत जाऊन जाऊन वाचत होतो. 'अंगावर फिकट, बधिर चट्टा असल्यास.' फिकट, स्वल्पविराम, बधिर. तुम्ही फिकट वाचलंत आणि थांबलात. तुम्ही, गुरुजी! ज्यांनी आम्हाला छडी हातात घेऊन शिकवलं की आधी प्रश्न पूर्ण वाचा, मग पेन उचला. ज्यांनी माझ्या वहीत लाल शाईनं किती वेळा लिहिलं, 'प्रश्न पुन्हा वाच.' मी आजही कुठलीही काच लावण्याआधी बरोबरची चिठ्ठी शेवटच्या शब्दापर्यंत वाचतो. माझ्या हाताखालची मुलं त्यावरून माझी चेष्टा करतात. तुमचं शिकवणं माझ्या हाडात गेलंय, आणि तुमच्या स्वतःच्या हातात ते दुपारच्या जेवणापर्यंतसुद्धा टिकलं नाही.

बधिर आहे का ते बघायला काय लागतं? कापूस. माणसाला डोळे मिटायला सांगायचे, चट्ट्यावर कापसाचं टोक टेकवायचं, आणि विचारायचं, लागलं का. आप्पा गुरव होते. त्यांच्या कनवटीला सदा वातींचा कापूस असायचा. त्या दिवशीही होता. निदानाचं साधन खुद्द रोग्याच्या कमरेला होतं आणि तुम्ही ते मागितलं नाहीत. नंतर सरकारी माणूस आला, पण गुरुजींनी सांगितलंय म्हटल्यावर त्यानंही हात लावला नाही; लांबून बघितलं, गोळ्या दिल्या, गेला. शहाण्या माणसाच्या चुकीची हीच गंमत आहे, ती कुणी तपासत नाही. देवळातली पूजा चुलत्याकडं गेली. आप्पा खळ्यापलीकडं छपरात राहायला गेले. तिथून देऊळ दिसत नव्हतं, कळस तेवढा दिसायचा. ज्या पिंडीला त्यांनी उभ्या जन्मात रोज स्वतःच्या हातानं आंघोळ घातली, तिला त्यांनी शेवटची वर्षं कळसावरून हात जोडले. आणि गोळ्या खात राहिले. खाज येत राहिली. सांगणार कुणाला? महारोग्याची खाज ऐकायला कोण जवळ येतंय.

आणि मग तुम्ही मला तारलंत. हे मला लिहिलंच पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल, पोरगं कृतघ्न निघालं. तुम्ही तालुक्याच्या वसतिगृहात खटपट करून माझी सोय केलीत, स्वतः एसटीत बसून मला पोचवलंत, आणि निघताना एक नवं कोरं स्टीलचं ताट दिलंत. त्यावर माझं नाव घालून आणलं होतं, ठिपक्याठिपक्यांनी, मागे तुमचं नाव नव्हतं, तेवढा तुमचा मोठेपणा. "घरचं ताट नेऊ नकोस," तुम्ही म्हणालात. "आता यातच जेवायचं." गावात ही गोष्ट अजून सांगतात. गुरुजींनी गुरवाच्या पोराला ताट दिलं. मी ते ताट सगळीकडं नेलं, मुंबईला नेलं, इथं आणलं. ते कपाटात सगळ्यात खाली आहे. मी त्यात जेवत नाही आणि ते टाकतही नाही. माझ्या मुलीनं एकदा त्यावरचं नाव बोटानं चाचपत मला जर्मनमध्ये विचारलं, बाबा, ताटावर नाव कशाला? कुणी चोरत होतं का? मी म्हटलं, हो.

मी मेडिकलच्या पहिल्या वर्षाला असताना आप्पा गेले. शेवटी त्यांच्या चेहऱ्यावर गाठी उठल्या होत्या, कपाळ जाड झालं होतं, भुवयांच्या जागी वळ्या. गाव म्हणालं, बघा, गुरुजींचं खरं झालं. पुढं एका दुपारी ग्रंथालयात मी वाचलं की याला सिंहमुख म्हणतात, आणि ते महारोगात होतं तसंच कातडीच्या लिम्फोमातही होतं. पुढच्याच ओळीत लिहिलं होतं की लिम्फोमात तीव्र खाज असते. मी पुस्तक मिटलं नाही, उघडंच ठेवलं, आणि ठरवलं की एक दिवस हे पान घेऊन तुमच्या ओट्यावर यायचं आणि तुमच्याकडून मोठ्यानं वाचून घ्यायचं. सगळं. स्वल्पविरामासकट. पण मी पुरता शिकून होईतो तुम्ही गेलात. परीक्षा न देता.

तेव्हा कळेल तुम्हाला, त्या सकाळची काच, म्हणजे ब्योब्लिंगेनला मुलाकडे आलेल्या त्या काकांची, पाहून मला काय झालं. मी सहसा रुग्णांना भेटत नाही. पण डॉक्टरबाईंचा फोन आला, "असं कर, तूच ये. मुलगा भाषांतर करतो, पण म्हातारा त्याचं ऐकून घेत नाही." मी गेलो. काका निवृत्त कंडक्टर, आपल्याच बाजूचे. मुलगा झिंडेलफिंगेनला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. खोलीत सगळे एका बाजूला आणि काका खिडकीशी खुर्ची ओढून, खाली स्वतःचा टॉवेल अंथरून बसलेले.

"डॉक्टरसाहेब, लांबनंच बोला," ते म्हणाले.

सून वैतागलेली होती. "अहो, चिठ्ठीतला तो एक शब्द बाबांनी वाचला आणि घरात वेगळं मांडलंय बघा. ताट वेगळं, पेला वेगळा, झोपायला बाल्कनीजवळ. नात जवळ गेली की ओरडतात. ती मला विचारते, आजोबा माझ्यावर रागावलेत का?"

"तुला नाय कळायचं ते," काका म्हणाले. "तू शहरातली. डॉक्टरसाहेब, तुम्ही कुठले?"

मी आपल्या तालुक्याचं नाव सांगितलं.

"मग तुम्हाला काय सांगायचं, महारोग म्हंजे काय ते."

"काका, खाज येते?"

"खाज? अहो, फुकट्या प्रवाशाला मी म्हणायचो, अंगात लई खाज आहे काय रे? त्यांचे शाप लागले बघा सगळे. रात्रंदिवस खाज."

"महारोगाला सहसा खाज नसते. डोळे मिटा."

मी टेबलावरचा कापूस घेतला. बोटांनी आपोआप वात वळली. त्यांच्या दंडावरच्या चट्ट्याला टोक टेकवलं. "लागलं?"

"लागलं की."

"आता?"

"लागलं. अहो, गुदगुल्या होतायत."

एका वातीचं काम होतं, गुरुजी. देवापुढं लावायला लागते तेवढ्या.

मग मी खाली बसून त्यांना सांगितलं की काका, हा कातडीतला लिम्फोमा आहे, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर. हळू चालणारा आहे, औषधं आहेत, प्रकाशाचे उपचार आहेत. मुळापासून जाईल असं मी म्हणत नाही, पण पुष्कळ जण यासोबत पुष्कळ जगतात. मुलाचा चेहरा उतरला. सुनेनं तोंडाला हात लावला. काका खुर्चीत पुढं सरकले.

"कॅन्सर? म्हंजे महारोग नाय?"

"नाही."

"नक्की? लिहून देता?"

"दिलंय लिहून. माझी सही आहे."

"मग नातीला मांडीवर घेतली तर चालंल?"

"आजच घ्या."

काका उठले, टॉवेल खुर्चीवरच राहिला, आणि सुनेकडं वळून, लग्न जमल्याची बातमी द्यावी तसे म्हणाले, "अगं ऐकलंस का? कॅन्सर आहे म्हणे!" आणि हसायला लागले, आणि डोळे पुसायला लागले, आणि मुलगा बिचारा आपण हसावं की रडावं न कळून दोन्ही करायला लागला.

बाहेर डॉक्टरबाईंनी मला विचारलं की कॅन्सर ऐकून ही माणसं हसतायत का? मी समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि अगदी सरळपणे म्हणाल्या, "पण लेप्रा असता, तरी काय? गोळ्या सुरू केल्या असत्या, थोड्याच दिवसांत नातीला मांडीवर घेतलं असतं."

"गेनाऊ, अगदी बरोबर," मी सवयीनं म्हणालो, आणि पुढं चालायला लागलो, आणि जिन्यात थांबलो.

तोवर माझा तुमच्यावरचा खटला साधा होता. तुम्ही चुकीचा रोग सांगितलात. मी आप्पांच्या अंगावरचा डाग पुसायला निघालो होतो, म्हणजे तो डाग होता हे मीही धरूनच चाललो होतो. आणि एक गोष्ट मला कुणी विचारली नव्हती, ती मी त्या जिन्यात स्वतःला विचारली: आप्पांची काच कुठं आहे? कुठंच नाही. त्यांचा तुकडा कुणीच कधी काढला नाही. काच नसेल तर सही नाही, हा माझ्या धंद्याचा पहिला नियम. आप्पांचं निदान मी आठवणीवरून केलंय, तुम्ही केलंत तसंच, लांबून. उद्या कुणी म्हणालं की महारोग आणि लिम्फोमा दोन्ही असतील, तर मला ते खोडता येणार नाही.

हे कळल्यावर माझा राग उतरायला हवा होता. वाढला. कारण निदान चुकलं म्हणून मी कदाचित एखाद्या दिवशी तुम्हाला सोडलं असतं. मीही चुकतो, प्रत्येक पॅथॉलॉजिस्टच्या उशाशी एखादी चुकलेली काच असते. पण पत्रावळी जाळणं हे निदान नव्हतं. तुमचं निदान बरोबर असतं, तरीही त्यांचा गुन्हा काय होता? पंगतीतून उठवायला, देवळातून काढायला कुठल्या रोगाचं नाव पुरतं? तुम्ही रोग ओळखायला चुकला असाल किंवा नसाल. माणूस ओळखायला चुकलात, आणि त्याला कापूसही लागत नव्हता.

त्यानंतर सभागृहाच्या समितीच्या अध्यक्षाचा फोन आला. माझ्याच वर्गातला, शेवटच्या बाकावरचा.

"काय डॉक्टर, व्हिडिओ कुठाय? तुझ्याबिगर कार्यक्रमाला मजा नाय लेका. आणि मधी एखादं वाक्य जर्मन टाक, लोकांना बरं वाटतं."

"मी आप्पांचं सांगणार आहे."

त्यानं आवाज खाली आणला. मग म्हणाला, "कशाला आता जुनं मढं उकरतोस? गुरुजींनी तुला माणसांत आणला. ताट दिलं तुला."

"ताटाचंही सांगणार आहे."

"हे बघ. गुरुजींची मुलगी पुढच्या रांगेत बसणार आहे. ताईंचं वय झालंय. त्यांच्या तोंडाकडं बघ."

"माझ्या बापाच्या तोंडाकडं कुणी बघितलं?"

"मग मी तो लावायचाच नाय," तो म्हणाला. "आधीच सांगतो."

बरं झालं त्यानं आधीच सांगितलं. ताईंचा मी विचार केला नाही असं नाही. त्यांनी माझं काही वाईट केलेलं नाही. रोज पूजेला बसलो की त्यांचा चेहरा यायचा, आणि मी महादेवाला विचारायचो, आणि महादेव नेहमीसारखा गप्प. मग एका सकाळी त्याच्यावर पाणी घातलं आणि कळलं की तो गप्प आहे म्हणजे नको म्हणत नाहीये.

त्या रविवारी, पूजा झाल्यावर, मी कपाटाच्या तळातून ताट काढलं, घासलं, आणि मोबाइल पुस्तकांना टेकवून ठेवला. रोगाचं नाव मी घेतलं नाही. ज्यावर सही करता येत नाही ते बोलायचं नाही. मी सांगितलं की माझे आप्पा या गावचे गुरव होते, आणि शाळेच्या पंगतीसाठी त्यांनी टाचलेल्या पत्रावळी गुरुजींनी चुलवणात घातल्या. त्यांना कोणता रोग होता ते मला माहीत नाही. गुरुजींनाही माहीत नव्हतं. बघायला कापसाची एक वात लागत होती, ती आप्पांच्या कनवटीला होती. मग मी ताट उचलून नाव दिसेल असं धरलं आणि म्हटलं, हे ताट गुरुजींनी मला दिलं, माझ्या बापाच्या घरचं ताट मी नेऊ नये म्हणून. शेवटी म्हटलं, सभागृहाला गुरुजींचं नाव जरूर द्या, माझी हरकत नाही. फक्त उद्घाटनाच्या जेवणाला पत्रावळी वापरू नका. गुरुजींना चालायच्या नाहीत.

समितीला पाठवला असता तर तो कापला गेला असता. म्हणून मी तो सगळ्या गावच्या ग्रुपवर टाकला. माझ्या इथं सकाळ होती, गावात जेवणाची वेळ. बघितलेल्यांची नावं वाढत गेली. पन्नासच्या पुढं मी मोजायचं सोडलं. त्यांत ताईंचंही नाव होतं. कुणी काही लिहिलं नाही. पत्रावळी पेटल्या तेव्हाही असंच झालं होतं, त्यामुळे मला नवल वाटलं नाही, आणि खरं सांगतो, वाईटही वाटलं नाही. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा ती शांतता माझ्या बाजूची होती.

हे पत्र मात्र कुठं टाकणार. तुम्ही ज्या गावी गेलात तिथला पत्ता नाही, आणि असता तरी तुम्ही ते अर्धंच वाचलं असतं.

नंतर तो व्हिडिओ मी एकदा पुन्हा पाहिला, कुठं आवाज कापला का ते बघायला. नाही कापला. पण एक दिसलं. माझ्या मागे खुर्ची आहे, मीच ओढून आणलेली, बसून बोलायला. सगळा वेळ ती रिकामी आहे. तुमच्याविषयी बोलताना मी उभा आहे.